जुन्या उपाहारगृहाचे नूतनीकरण : काय उकरावे, काय राखावे आणि कोणत्या क्रमाने

घरची दुसरी-तिसरी पिढी चालवत असलेल्या उपाहारगृहाचे काम काढले की बहुतेक ठिकाणी एकच चूक होते. पहिला हात दर्शनी भागाला लागतो. रंग, फरशी, नवी टेबले आणि दिवे यांत निम्म्याहून अधिक पैसा जातो, थाटात पुन्हा सुरुवात होते आणि पहिल्याच पावसाळ्यात तुंबलेल्या मोरीसाठी ती नवी फरशी फोडावी लागते. दुसरी चूक उशिरा लक्षात येते. जागा चकचकीत झालेली असते, पण रोजचे गिऱ्हाईक ‘आता पूर्वीसारखं लागत नाही’ म्हणू लागते आणि नेमके काय बदलले ते घरातल्या कोणालाही सांगता येत नाही, कारण काम काढण्यापूर्वी कोणीही काही मोजून ठेवलेले नसते.

पुढील टप्पे लिहिताना पुण्याच्या पेठेतील वाड्याच्या तळमजल्यावरचे, भाड्याच्या जागेतले, मिसळ, पुरीभाजी, साबुदाणा खिचडी आणि चहा देणारे शाकाहारी उपाहारगृह डोळ्यांसमोर ठेवले आहे. आमचे स्वतःचे उपाहारगृह असेच आहे आणि खाली नोंदवलेल्या चुकांपैकी काही आमच्याच हातून झालेल्या आहेत. इतर गावांतील खानावळींना तपशील थोडे बदलून घ्यावे लागतील. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नये.

१. कुदळ लागण्यापूर्वी : मोजणी आणि नोंदवही

पहिले दोन आठवडे काहीही तोडू नये. एक जाड वही घ्यावी आणि चालू धंद्यात, गर्दीच्या वेळी आणि रिकाम्या वेळी, जे जे हाताला लागते ते मोजून त्यात लिहावे. पदार्थाची चव आपण आचाऱ्याच्या हातावर सोडतो, परंतु त्या हाताला भांड्याची, आचेची आणि डावाची सवय असते, आणि नूतनीकरणात नेमक्या याच तीन गोष्टी कोणालाही न विचारता बदलल्या जातात.

सुरुवात डावापासून करावी. प्रत्येक डाव, वाटी आणि पळी पाण्याने भरून मोजपात्रात ओतावी आणि तिचे माप लिहावे. आमच्याकडे रश्श्याचा जुना पितळी डाव १२० मिलिलिटरचा निघाला आणि त्याच्याच आकाराचा म्हणून आणलेला स्टीलचा नवा डाव ९० मिलिलिटरचा. हे माप आम्ही पुन्हा सुरुवात केल्यानंतर घेतले, आधी घेतले नव्हते. तोपर्यंत आठ दिवस गिऱ्हाइके ‘नवं हॉटेल झालं आणि हात आखडला’ असे तोंडावर सांगून गेली होती. आमच्या मनात कोणाचे माप मारायचे कधीही नव्हते, म्हणून ते शब्द फार लागले.

त्यानंतर आच मोजावी. प्रत्येक शेगडीवर रोजच्याच पातेल्यात २० लिटर पाणी ठेवावे आणि उकळी येण्यास किती मिनिटे लागतात ते लिहावे. तव्याची जाडी आणि व्यास, कढईत तेल किती ओतले जाते, पुऱ्या एका घाण्यात किती निघतात, हेही नोंदवावे. मिसळीच्या कटावर तर्री येण्यास मंद आचेवर किती वेळ जातो, ते घड्याळ लावून पाहावे.

मग बसण्याच्या जागेकडे वळावे. टेबलाची आणि बाकाची उंची, दोन टेबलांमधील अंतर आणि वाढप्याची वाट मोजावी. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला कोणकोणती टेबले, बाहेरचे दार आणि भटारखान्याची खिडकी दिसते, याचा साधा नकाशा काढावा. गल्ल्यावरून सगळे दिसणे हीच कुटुंबाने चालवलेल्या जागेची देखरेख असते, आणि नव्या रचनेत गल्ला दाराशी ‘रिसेप्शन’ म्हणून सरकवला की ती संपते. सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा वाजता एकाच जागेवरून छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे उजेड कुठून येतो ते कळते.

सर्वांत जुन्या वाढप्याला आणि दहा-बारा नेहमीच्या गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारावा : ‘इथलं काय गेलेलं तुम्हाला चालणार नाही?’ काय बदलू, असे विचारल्यास प्रत्येक जण वेगळी सूचना करतो. काय जाऊ नये, असे विचारल्यास उत्तरे आश्चर्यकारकरीत्या सारखी येतात.

शेवटी प्रत्येक वस्तूपुढे ‘जसेच्या तसे’, ‘दुरुस्त करून’ किंवा ‘बदलावे’ यांपैकी एक शेरा लिहून घरातील सर्व निर्णयकर्त्यांनी त्या पानांवर सही करावी. वडिलांना खिळाही हलवायचा नसतो आणि मुलाला सगळेच उपटायचे असते. हा वाद वहीवर मिटवावा. गवंड्यासमोर मिटवू गेल्यास प्रत्येक दिवसाच्या भांडणाची मजुरी आपणच भरतो.

तपासणी : वही वाचून एखाद्या परक्या माणसाला तुमचा एक पदार्थ कोणत्या भांड्यात, किती आचेवर आणि कोणत्या मापाने बनतो ते सांगता आले पाहिजे. येत नसेल, तर पुढे जाऊ नये.

२. कागदपत्रे : कोणाची संमती, कोणता परवाना

जागा भाड्याची असल्यास मालकाची लेखी संमती सर्वांत आधी घ्यावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार मालकाच्या लेखी संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम केल्यास ते जागा परत मागण्याचे कारण ठरू शकते. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, हवेशीरपणासाठी लागणारी खिडकी, फॉल्स सिलिंग, वातानुकूलन यंत्र आणि धूर बाहेर टाकण्याची सोय यांना कायद्याच्या स्पष्टीकरणात यातून वगळले आहे. मात्र जिथे महापालिकेची परवानगी लागते तिथे ती असली पाहिजे. व्यवहारात बहुतेकांना अडचणीत आणतो तो पोटमाळा. सामान ठेवायला म्हणून घातलेला पोटमाळा पुढे वर्षानुवर्षे चालणाऱ्या दाव्याचे कारण होतो, म्हणून तो घालण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावाच.

इमारत वारसा यादीत आहे का, हे महापालिकेत विचारून घ्यावे. असल्यास दर्शनी भागातील बदलांसाठी वेगळी परवानगी लागते.

अन्न सुरक्षा परवाना घेताना भटारखान्याचा नकाशा दिलेला असल्यास आणि आता मांडणी बदलणार असल्यास परवान्यातील बदलाचा अर्ज करावा. अन्न बनवण्याच्या जागेतील फरशी आणि भिंती पाणी न शोषणाऱ्या आणि धुता येतील अशा असाव्यात, ही अट तिथे आहेच, तेव्हा साहित्य निवडतानाच ती लक्षात ठेवावी. अग्निसुरक्षेचे काम महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खालील परवानाधारक संस्थेकडूनच करून घ्यावे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते, त्यामुळे काम संपल्यावर तो विषय संपत नाही.

मुंबईत लाकूड किंवा कोळशाची भट्टी असलेल्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ मधील आदेशानंतर महापालिकेने अशा भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी ८ जुलै २०२५ ची मुदत दिली होती. भट्टी जुन्याच इंधनावर राहील असे धरून तिथे आराखडा आखू नये.

सावधान : विजेचा मंजूर भार वाढवण्याचा अर्ज याच टप्प्यात करावा. सगळे काम पूर्ण होऊन केवळ मीटरसाठी कुलूप लावून बसलेली उपाहारगृहे मी पाहिली आहेत.

३. वेळ, पैसा आणि माणसे

छत, गटार आणि बाहेरच्या भिंती यांचे काम दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्यापूर्वी संपवावे. मांसाहारी खानावळीला श्रावणात धंदा कमी असल्याने तेव्हा बंद ठेवणे सोयीचे वाटते, पण त्या दिवसांत केवळ आतले सुतारकाम आणि विजेचे काम करावे, कारण ओल्या भिंतीला रंग धरत नाही. उपवासाचे पदार्थ देणाऱ्या शाकाहारी जागेने श्रावणात मुळीच बंद ठेवू नये.

अंदाजपत्रक चौरस फुटाच्या दराने न घेता कामवार घ्यावे : तोडफोड, राडारोडा उचलणे, नळकाम, वायरिंग, फरशी, प्रत्येकाची वेगळी ओळ. उपाहारगृहाने ५ टक्के दराने वस्तू व सेवा कर भरण्याची पद्धत स्वीकारलेली असल्यास खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे ठेकेदाराच्या बिलावरील १८ टक्के हा पूर्ण खर्चच धरावा. जुन्या वाड्यात भिंत उघडल्यावर काय निघेल ते सांगता येत नाही, म्हणून एकूण रकमेच्या किमान चौथा हिस्सा वेगळा काढून ठेवावा. ठेकेदाराचे शेवटचे १० टक्के काम संपल्यावर महिनाभराने देण्याचे करारात लिहावे.

बंद काळात कामगारांना पगार द्यावा. हे मी आग्रहाने सांगतो. वीस वर्षांचा आचारी दीड महिना बिनपगारी गावी पाठवला आणि तो तिकडेच दुसरीकडे लागला, तर राखायला निघालेली निम्मी चव त्याच्याबरोबर गेलेली असते. शिवाय काही कामगार रात्री उपाहारगृहातच झोपतात, त्यांच्या राहण्याची सोय काम सुरू होण्याआधी झाली पाहिजे.

४. न दिसणारे काम आधी : ओल, लाकूड, गटार, वायरिंग

जुन्या वाड्यांच्या भिंती बहुधा चुन्याच्या असतात. अशा भिंतीतील ओल गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा तेलरंग चढवला की ओलीची वाट बंद होते, ती भिंतीत वर चढते, आणि वर्ष-दोन वर्षांत हाताएवढे पोपडे सुटू लागतात. म्हणून आधी ओलीचे मूळ शोधावे. ते गळका नळ, शेजारची मोरी किंवा छताची पन्हाळ यांपैकी काहीही असू शकते. ते बंद करावे, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि चुन्यानेच दुरुस्ती करून घ्यावी. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधण्यात आठ दिवस गेले तरी चालतील.

कडीपाटाचे, म्हणजे लाकडी तुळया आणि फळ्यांचे, छत असल्यास तुळयांची भिंतीत गेलेली टोके पेचकस खुपसून तपासावीत, कारण मधली तुळई ठणठणीत असली तरी टोक ओलीने किंवा वाळवीने पोकळ झालेले असते. पेचकस सहज आत गेला, तर गवंड्याच्या अंदाजावर न विसंबता संरचना अभियंत्याला बोलवावे.

त्यानंतर गटार. भटारखान्याच्या जमिनीला दर मीटरला साधारण १ सेंटीमीटर उतार जाळीकडे असावा. भांडी घासण्याच्या मोरीचे पाणी थेट चेंबरात न सोडता मध्ये चरबी अडवणारी टाकी बसवावी आणि ती अशा ठिकाणी असावी की रोज झाकण उघडून वरचा थर काढता येईल. ओट्याखाली अडकवलेली टाकी कोणी साफ करत नाही.

वायरिंग पूर्ण नवे करावे, अर्धे जुने ठेवू नये. फ्रीज, ग्राइंडर, मिक्सर, धुराचा पंखा आणि गीझर यांचे वॅट लिहून बेरीज करावी आणि भटारखाना, बसण्याची जागा व शीतपेट्या यांची सर्किटे वेगळी ठेवावीत. ओल्या हातांनी काम होते तिथे ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळती-संरक्षक स्विच अनिवार्य समजावेत. लाकडी छताखालून जाणारी तार धातूच्या नळीतूनच न्यावी.

तपासणी : फरशी बसवण्यापूर्वी जमिनीवर चार बादल्या पाणी ओतावे. पाच मिनिटांनी कुठेही डबके राहता कामा नये. भिंती बुजवण्यापूर्वी प्रत्येक नळ आणि तार मोजपट्टी शेजारी धरून छायाचित्रात घ्यावी.

५. भटारखाना : जिथे चव बदलते

भटारखाना अर्धा चालू, अर्धा बंद ठेवून काम करू नये. सिमेंटची धूळ झाकल्या पिठातही जाते. बसण्याची जागा दोन भागांत करता येते, भटारखाना एका दमात करावा.

मांडणी आखताना कच्चा माल येतो ते दार, निवडणे-धुणे, शिजवणे, वाढण्याची खिडकी आणि खरकटे जाण्याची वाट अशी एकाच दिशेची साखळी धरावी. आचाऱ्याला प्रत्यक्ष जागेवर उभे करून खडूने ओटा आखावा आणि तो तवा, मिठाचा डबा आणि खिडकी यांच्यासाठी किती पावले टाकतो ते पाहावे. ओट्याची उंची त्याच्या उंचीवरून ठरवावी. इथली शहाबादी फरशी जाऊ द्यावी, तिच्या सांध्यांत तेल मुरते. त्याऐवजी घट्ट सांध्यांची, न घसरणारी फरशी घालावी.

गॅसच्या बाबतीत एक गोष्ट कधीही विसरू नये. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरची खोली बाहेरच्या बाजूला, जमिनीलगत जाळी असलेली आणि गटाराच्या तोंडापासून दूर असावी. सिलिंडर नेहमी उभे ठेवावेत. एकूण साठा १०० किलोपेक्षा जास्त होणार असल्यास, म्हणजे १९ किलोचे पाचाहून अधिक सिलिंडर ठेवायचे असल्यास, त्यासाठी वेगळा परवाना लागतो. नळाने येणाऱ्या गॅसकडे वळताना शेगड्यांचे जेट बदलावे लागतात आणि आच बदलते. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडी ओढून कधीही नाही.

आता आचेविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आमचे सर्वांत मोठे नुकसान इथे झाले. पुरवठादाराने जुन्या शेगड्या काढून जास्त दाबाच्या नव्या शेगड्या बसवल्या आणि आम्ही आनंदाने मान डोलावली. २० लिटर पाण्याला निम्म्या वेळात उकळी येऊ लागली. पण मिसळीचा कट बिघडला. पूर्वी मसाला मंद आचेवर बराच वेळ परतला जाई, तेल हळूहळू सुटून वर येई आणि तर्री लाल, पारदर्शक दिसे. नव्या शेगडीवर तळाचा मसाला तेल सुटण्यापूर्वीच करपू लागला, म्हणून आचारी पाणी लवकर घालू लागला, आणि कट गढूळ, किंचित कडू झाला. तीन आठवडे आम्ही मिरची बदलून पाहिली, खोबरे बदलून पाहिले. शेवटी जुन्या शेगड्यांपैकी एक परत बसवली आणि दुसऱ्याच दिवशी तर्री जागेवर आली. तेव्हापासून कटासाठी जुनी मंद शेगडी आणि पुऱ्या, वडे व चहासाठी नव्या, अशी विभागणी आहे.

हीच काळजी तव्याची आणि पातेल्यांची घ्यावी. बिडाचा जुना तवा बंद काळात तेल चोपडून, कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा. पितळी पातेली मोडीत काढण्याऐवजी कल्हई करून घ्यावीत. ग्राइंडरचे दगड बदलायचे झाल्यास पीठ पूर्वीइतके बारीक येईपर्यंत ते पीठ गिऱ्हाइकाला देऊ नये.

धुराच्या पंख्याबाबत उलटी चूक होते. मोठा पंखा बसवला म्हणजे धूर जाईल, असे समजले जाते. परंतु पंखा जितकी हवा बाहेर फेकतो तितकी आत येण्यास वाट नसेल, तर तो बसण्याच्या जागेतली हवा ओढतो, दारे आपोआप आपटतात आणि शेगडीची ज्योत फडफडते. म्हणून ताज्या हवेसाठी मागच्या भिंतीत जाळी ठेवावी. धुराचा नळ कडीपाटातून कधीही वर नेऊ नये, कारण नळात साठलेल्या तेलाने पेट घेतल्यास छत वाचत नाही. तो मागच्या भिंतीतून काढून छपराच्या वर न्यावा आणि वळणांवर साफसफाईसाठी झाकणे ठेवावीत.

तपासणी : सर्व शेगड्या चालू असताना पेटती उदबत्ती धूर-छत्रीच्या कडेला चारही बाजूंनी धरावी. धूर सर्वत्र आत ओढला गेला पाहिजे. मग उदबत्ती वाढण्याच्या खिडकीत धरावी. तिथला धूर बसण्याच्या जागेकडे येत असल्यास पंख्याचे काम अपुरे आहे.

६. बसण्याची जागा : कमीत कमी हात

इथे नवे आणण्याआधी जुने धुऊन पाहावे. वर्षानुवर्षांच्या धुराखाली लपलेली सागवानी पट्टी किंवा नक्षीदार सिमेंट लादी नुसत्या सौम्य साबणाने आणि नायलॉनच्या ब्रशने वर येते. संगमरवरी टेबलांना आणि लादीला ॲसिड लावू नये, चकाकी कायमची जाते. फुटलेल्या लाद्यांच्या जागी कोपऱ्यातल्या, कपाटाखालच्या जुन्या लाद्या काढून बसवाव्यात आणि नव्या लाद्या कपाटाखाली घालाव्यात.

लाकडी खुर्च्यांचे सांधे खोलून पुन्हा चिकटवून घ्यावेत आणि वेताची बैठक नव्याने विणून घ्यावी. कडीपाट फॉल्स सिलिंगखाली झाकू नये. ओल आणि वाळवी नजरेआड जाते, आणि भांड्यांचा, ऑर्डरींचा, गप्पांचा मिळून जो आवाज त्या जागेचा असतो तोही बदलतो. दिवे बदलताना पूर्वीच्या उजेडाचा रंग राखावा. टेबलांची संख्या वाढवण्याचा मोह टाळावा, वाढप्याची वाट वहीतल्या मापापेक्षा एक बोटही कमी होऊ देऊ नये.

भिंतीवरच्या तसबिरी, दरफलक आणि घड्याळ काढताना मागे क्रमांक लिहावेत आणि त्याच खिळ्यांवर परत लावावेत. पाटी हाताने रंगवलेली असल्यास अक्षरांचा पूर्ण आकाराचा छाप कागदावर उतरवून घ्यावा आणि मग रंगाऱ्याला द्यावी. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगारांची संख्या कितीही असली तरी पाटीवर देवनागरीत मराठी नाव हवे आणि त्याची अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, हे पाटी रंगवण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

७. चाचणी आणि पुन्हा सुरुवात

काम संपल्यावर निदान चार दिवस दार बंद ठेवूनच स्वयंपाक करावा. पहिल्या दिवशी पाण्याला उकळी येण्याची मिनिटे वहीशी ताडून पाहावीत, दुसऱ्या दिवशी प्रत्येक पदार्थ जुन्या मापाने करावा, आणि उरलेले दोन दिवस पहिल्या टप्प्यात ज्यांना प्रश्न विचारला होता त्याच गिऱ्हाइकांना जेवायला बोलवावे. त्यांचे म्हणणे ऐकताना समर्थन करू नये, फक्त लिहून घ्यावे.

सुरुवात मधल्या वारी, अर्ध्या यादीने आणि जाहिरातीशिवाय करावी. रविवारची सकाळ ही खरी परीक्षा आहे, तिला पाच-सहा दिवसांच्या सरावानंतर सामोरे जावे. दरवाढ करायची असल्यास काम काढण्यापूर्वी करावी किंवा तीन महिन्यांनी करावी. नव्या भिंतींबरोबर नवे दर दिसले, की भिंतींचा खर्च आपल्याकडून काढला जातो आहे असेच गिऱ्हाइकाला वाटते.

महिन्यानंतर ठेकेदाराची उरलेली रक्कम देण्यापूर्वी जाळ्या, चरबीची टाकी, गळती-संरक्षक स्विच आणि धुराच्या नळाची झाकणे त्याच्यासमोर उघडून पाहावीत. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री कोणीतरी टॉर्च घेऊन तुळयांची टोके आणि मागची भिंत तपासावी. नोंदवही, सह्यांची पाने आणि भिंतीआड गेलेल्या नळ-तारांची छायाचित्रे यांची छापील प्रत गल्ल्यामागच्या कपाटात ठेवावी. पुढच्या वेळी भिंत उघडणारा माणूस वेगळा असेल आणि त्याला प्रथम तीच लागेल.